पिरियापट्टणच्या भिंतीवरचे चार आकडे

म्हैसूरजवळच्या आमच्या हिनकलच्या गल्लीत मला सगळे ‘इंटरनेटवाले’ म्हणून ओळखतात. कुणाचं वायफाय बंद पडलं, कुणाच्या टीव्हीवर मालिका अडकली, की आधी माझ्या दारावरची बेल वाजते. मी कुणाला नाही म्हणत नाही. माझं खरं काम समजावून सांगण्यापेक्षा निघालेली वायर खोचून देणं सोपं असतं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा’ असं संपादकबाईंनी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “लिहाच. लग्नाला एकवीस वर्षं झाली, निदान वाचून मला तरी कळेल.”

तेव्हा आधी काम सांगतो.

इंटरनेटवर जोडलेल्या यंत्राला एक पत्ता लागतो. तो अक्षरांत नसतो, आकड्यांत असतो. मध्ये टिंब देऊन लिहिलेले चार आकडे, प्रत्येक शून्य ते दोनशे पंचावन्नमधला. जगात दोन ठिकाणी एकच पत्ता चालत नाही, म्हणून तो वाटून देणारी व्यवस्था आहे. जगाचे भाग पाडले आहेत, आणि त्या त्या भागासाठी, देशासाठी नोंदणी संस्था आहेत. तुमच्या-माझ्या घरी जो पत्ता येतो तो आपला नसतो. ज्या कंपनीची केबल घेतली तिनं तो आपल्याला वापरायला दिलेला असतो. भाड्याच्या घरासारखं आहे. कंपनी बदलली की पत्ता गेला.

घरापुरतं हे चालतं. पण बँक, विद्यापीठ, मोठं रुग्णालय यांच्याकडे बाहेरची शेकडो यंत्रं त्या पत्त्यावर येत-जात असतात. अशा संस्थेला स्वतःचे पत्ते घेता येतात. नोंदणी संस्थेचं सभासद व्हायचं, अर्ज करायचा. आपण कोण, आपल्याकडे कोणती यंत्रं आहेत, किती पत्ते लागणार आणि का, हे कागदपत्रांनिशी दाखवायचं. त्यांचं समाधान झालं की पत्त्यांचा एक गठ्ठा तुमच्या नावावर चढतो. लहानात लहान गठ्ठा दोनशे छप्पन्नचा. मग केबल कुणाचीही घ्या, पत्ता तुमचाच राहतो.

एक अडचण मात्र आहे. हे पत्ते आता संपत आलेत. म्हैसूरच्या नव्या वसाहतींत सुरुवातीला आलेल्यांना ऐसपैस साइट म्हणजे घराचे प्लॉट मिळाले, नंतर तीस बाय चाळीस फुटांचे, आणि आता अर्ध्या साइटसाठी रांग. तसंच इथं झालं. लांबलचक आकड्यांचे नव्या पद्धतीचे पत्ते हवे तेवढे आहेत, पण जुन्या यंत्रांना ते वाचता येत नाहीत.

म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका छोट्या कंपनीत बसून मी हे अर्ज भरतो आणि मिळालेले पत्ते चालू करून देतो. बस, एवढंच माझं काम.

अर्ज भरायचं काम मला लहानपणापासूनचं. मी परांड्याचा. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. माझं अक्षर बरं म्हणून आठवीपासून शेजारपाजारचे लोक मला बोलवायचे. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं आहे, विहिरीवर वीज घ्यायची आहे, लिही बाबा. आमचे गणिताचे देशमाने सर एकदा असाच माझा अर्ज वाचून म्हणाले, “कोळेकर, ह्यात ‘कृपाळू होऊन’ तीनदा आलंय. अर्ज म्हणजे विनवणी नव्हे. तुझ्याकडे काय आहे, काय हवंय, का हवंय, एवढं स्वच्छ लिही. बाकी समोरच्यावर सोड.” पुढे त्यांनीच माझा शिष्यवृत्तीचा अर्ज समोर बसून भरून घेतला. मी इंजिनियर झालो तो त्या अर्जावर. आजही नोंदणी संस्थेला पाठवायचा मजकूर लिहून झाला की मी त्यात ‘कृपाळू’ शोधतो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका वित्तसंस्थेच्या मालकांनी अट घातली की पत्त्याच्या आकड्यांची बेरीज नऊ आली पाहिजे. “गाडीला घेतली, घराला घेतली, ह्याला का नको?” मी म्हटलं, सर, दोनशे छप्पन्न मिळतील, त्यात नऊवाला नक्की असेल, तुम्हीच शोधा. ते कागद-पेन्सिल घेऊन बसले, शोधला, मुख्य यंत्राला तो दिला आणि यंत्राला कुंकू लावलं. त्या यंत्राची तक्रार मला आजवर आलेली नाही. दुसरे एक तरुण मालक हेब्बाळातच नऊ खुर्च्यांचं ऑफिस टाकून बसले होते आणि अर्जात ‘पुढच्या वर्षी दोन हजार कर्मचारी’ लिहा म्हणत होते. मी नाही लिहिलं. ते दुसरीकडे गेले. साहेबांची बोलणी मी खाल्ली.

पण मला खरं सांगायचंय ते एका रुग्णालयाबद्दल.

हुणसूर रस्त्यावर एका ट्रस्टचं हृदयरोगाचं रुग्णालय आहे. नाव सांगत नाही. त्यांनी आसपासच्या तालुक्यांत अकरा छोटी केंद्रं चालवली आहेत. तिथं डॉक्टर नसतो, एक नर्स असते आणि ईसीजीचं मशीन. छातीत दुखतंय म्हणून माणूस आला की नर्स ईसीजी काढते, बटण दाबते, आणि तो आलेख म्हैसूरच्या डॉक्टरांपुढे उमटतो. ते बघून फोनवर सांगतात, तिथंच औषध द्या किंवा लगेच इकडे पाठवा. मशीनं जुनी. आलेख कुठं पाठवायचा ते चार आकडे त्यांत हातानं भरून ठेवावे लागतात. नाव दिलेलं त्यांना कळत नाही, आकडेच लागतात.

त्या वेळी रुग्णालयाचे पत्ते केबलवाल्या कंपनीचे होते आणि देखभाल आमच्याकडे होती. एकदा कंपनीनं आपल्या सोयीसाठी ते बदलले. आम्हाला आधी पत्र दिलं होतं. मी यादी घेतली, केंद्रं फिरलो आणि सगळीकडे नवे आकडे भरून आलो. माझ्या यादीत दहा केंद्रं होती. अकरावं पिरियापट्टणचं. ते नुकतंच सुरू झालेलं, माझ्या यादीत चढवायचं राहिलं होतं.

दोन दिवस तिथं कुणी पेशंट आला नाही, म्हणून मशीन जुन्याच पत्त्यावर असल्याचं कुणाला कळलं नाही. आलेख पाठवला की ते कागदाची पट्टी बाहेर टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पलीकडे कुणी घेतलं की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तंबाखू सुकवायच्या भट्टीवर काम करणारा एक माणूस घामानं भिजून आला. तिथल्या नर्स जयम्मा यांनी आलेख काढला, पाठवला आणि फोनची वाट बघत बसल्या. वीस मिनिटांनी त्यांनीच फोन केला तर डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे काहीच आलेलं नाही. मग मात्र त्या थांबल्या नाहीत. त्याला गाडीत घातलं आणि स्वतः बरोबर बसून म्हैसूरला आणलं. तो माणूस वाचला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पिरियापट्टणला गेलो. मशीनच्या वर भिंतीला एक कागद डकवलेला होता, त्यावर ते चार आकडे मोठ्या अक्षरात. जयम्मांनी ती ओळ पेननं खोडली आणि मी सांगितलेले नवे आकडे खाली लिहिले. मला वाटलं, ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, “ह्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी वीस मिनिटं बसून राहिले, सर.”

ते वाक्य माझ्याकडे अजून आहे.

सहा महिने गेले नाहीत तोच केबलवाल्या कंपनीचं दुसरं पत्र आलं. म्हैसूरमधली ही सेवा आम्ही बंद करतोय, साठ दिवसांत पत्ते परत घेऊ. म्हणजे पुन्हा अकरा केंद्रं, पुन्हा नवे आकडे, आणि पुढची कंपनी तरी किती दिवस राहील? मी रुग्णालयाला सांगितलं, आता स्वतःचे पत्ते घ्या. एकदाच शेवटचं बदलू.

रुग्णालयानं हे काम कार्यालय अधीक्षक सिद्धोजीराव यांच्याकडे दिलं. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण तिच्यात अर्धं कन्नड. पहिल्या दिवशी मी पाऊण तास पत्त्यांची गोष्ट समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “आयतु, बरं. मला अर्थ काय झालं नाही बघा. पण कागद कुठले लागतात ते सांगा, सगळे देतो.” आणि दिले. ट्रस्टचं नोंदणीपत्र, ठराव, सहीचं अधिकारपत्र, सगळं दुसऱ्या दिवशी, टाचणी लावून.

अर्जात एक जागा असते, संपर्कासाठी कुणाचं नाव आणि मेल द्यायचं त्याची. माझ्या धंद्यातले बरेच लोक तिथं स्वतःचं घालतात. मग तो माणूस नोकरी सोडून बेंगळुरूला जातो आणि संस्थेला आपल्याच पत्त्यांच्या खात्यात शिरता येत नाही. असे दोन-तीन गुंते मी सोडवलेले. म्हणून माझा नियम होता, पत्ता ज्याचा, नाव त्याचं. मी सिद्धोजीरावांचं नाव आणि त्यांच्या कार्यालयाचा मेल घातला. अर्ज पाठवला आणि वडिलांच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी परांड्याला गेलो. जाताना त्यांना म्हटलं, “सर, नोंदणी संस्थेकडून काही आलं तर बघाल ना?”

“अय्यो कोळेकर, काळजी बेडा, करू नका. अठ्ठावीस वर्षं झाली, आमच्या ऑफिसात आलेलं एक पत्र हरवलं नाही.”

हे शब्दशः खरं होतं.

पंधरा दिवसांनी मी परत आलो. खातं उघडलं तर अर्जापुढे ‘बंद’ असा शेरा. नोंदणी संस्थेला फोन लावला. पलीकडच्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, आम्ही दोन प्रश्न विचारले होते, नंतर आठवणही केली. उत्तर आलं नाही म्हणून अर्ज आपोआप बंद झाला. पुन्हा करा.

मी तसाच स्कूटरवरून रुग्णालयात गेलो. सिद्धोजीराव जागेवर होते.

“सर, त्यांचं मेल आलं होतं?”

“आलं की.”

“मग उत्तर?”

“दिलं की!” त्यांनी जाड आवक-जावक रजिस्टर ओढलं, चष्मा चढवला आणि बोट फिरवत वाचायला लागले. मेल आलं, त्याच दिवशी छापून काढलं, आवक क्रमांक दिला, ट्रस्टच्या सेक्रेटरींपुढे ठेवलं. सेक्रेटरी धर्मस्थळला देवदर्शनाला गेले होते, तीन दिवसांनी आले. त्यांचा शेरा झाला, मसुदा झाला, दुरुस्ती झाली, टाइप झालं, सही, शिक्का. “आणि हे बघा.” पानावर पोस्टाची पावती डकवलेली होती. “रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोचपावती तेवढी यायचीय.”

मी खाली बसलो.

“काय झालं? पत्ता चुकला काय?”

“सर, मेलला उत्तर मेलनंच द्यायचं असतं. ठरलेल्या दिवसांत. अर्ज बंद झाला.”

“सुम्मने, उगीच बंद केला? एवढं शिक्क्यानिशी उत्तर दिलं, मत्ते, मग?”

“त्यांना ते मिळालेलंच नाही अजून.”

ते रजिस्टरकडे बघत राहिले. मला राग आला होता, पण तो कुणावर काढायचा? त्यांना काय करायचं ते मी सांगितलंच नव्हतं. ‘बघाल ना’ म्हणालो होतो, आणि त्यांनी बघितलं होतं, अठ्ठावीस वर्षं जसं बघत आले तसं. साठातले एकतीस दिवस उरले होते. पत्ते मिळायचे, नवी केबल यायची, मग अकरा केंद्रं फिरायची.

मग ते म्हणाले, “म्हणजे पिरियापट्टणला मागच्यासारखं होईल?”

“आता हयगय झाली तर होईल.”

“माझ्यामुळं.”

“आपल्या दोघांमुळं, सर.”

त्यांनी शिपायाला दोन कॉफी आणायला सांगितलं आणि बाही सारली. “सांगा, काय विचारलं होतं त्यांनी?”

पहिला प्रश्न साधा होता, ट्रस्टच्या नोंदणीचा. दुसरा अवघड. कोणकोणती यंत्रं आहेत, कुठं आहेत, केव्हापासून आहेत, याचा पुरावा द्या. आमच्यासारख्यांना हाच प्रश्न घाम फोडतो. कुठल्याही संस्थेला स्वतःकडे किती यंत्रं आहेत हे ठाऊक नसतं. चकचकीत काचेच्या कंपन्यांनाही नसतं. मी म्हटलं, “एक आठवडा तरी मोजायला जाईल.”

“मोजायचं कशाला? मोजलेलं आहे.” ते उठले, कपाट उघडलं आणि डेड स्टॉक रजिस्टर टेबलावर ठेवलं. प्रत्येक यंत्र, त्याच्यामागे कोरलेला कारखान्याचा क्रमांक, कुणाकडून घेतलं, कोणत्या खोलीत आहे, कुणाच्या ताब्यात आहे, दरवर्षीच्या तपासणीची सही. केंद्रांसाठी वेगळी पानं होती. एक, दोन, तीन... अकरावं पान, पिरियापट्टण. ईसीजी मशीन एक, पोचवल्याची तारीख, आणि खाली जयम्मांची कन्नडमधली सही.

माझ्या संगणकातल्या यादीत जे केंद्र राहून गेलं होतं, ते ह्या वहीत निळ्या शाईनं लिहिलेलं होतं. मी ते पान पुन्हा पुन्हा बघत होतो. सिद्धोजीरावांना वाटलं, अक्षर लागत नाहीये. “वाचून दाखवू?” म्हणाले.

दोन दिवसांत आम्ही ती सगळी पानं उतरवून काढली. ते वाचायचे, मी टाइप करायचो. किती पत्ते मागायचे यावर मात्र वाजलं. त्या वेळी आमच्यासारख्या संस्थेला हजारावर पत्ते मागता यायचे. मी म्हटलं, रजिस्टरात दीडशे यंत्रं आहेत, वाढ धरून दोनशे छप्पन्न पुरे. ते हसले. “मरी, लग्नात पंगतीला माणसं मोजून पानं आणतात काय? चार गठ्ठे जास्त आणतात. पूर्ण माग.” ‘मरी’ म्हणजे कन्नडमध्ये बाळ. त्या दिवसापासून मी कोळेकरचा मरी झालो. पण मी ऐकलं नाही. जेवढं दाखवता येतं तेवढंच मागायचं, ही माझी शिकवण. पुढे मर्यादा निम्म्यावर आली, रुग्णालय वाढलं. आणखी एक गठ्ठा मिळवला, पण त्यापुढचे जुने पत्ते काही मिळाले नाहीत. हल्ली नवीन यंत्रांना लांब आकड्यांचे पत्ते देऊन आम्ही वेळ निभावतो. सिद्धोजीरावांचं तेवढं ऐकायला हवं होतं. खोटं न लिहिताही थोडं पुढचं बघून मागता आलं असतं.

अर्ज मी तयार केला, पण ‘पाठवा’चं बटण त्यांनाच दाबायला लावलं. दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा फोन. आवाज चढलेला.

“मरी, आलं! मेल आलं!”

“काय म्हणतायत?”

“सहीचं अधिकारपत्र परत मागतात, स्पष्ट दिसत नाही म्हणे. मी काढून ठेवलंय. आता काय करू? आवक नंबर देऊ की आधी उत्तर?”

“आधी उत्तर, सर.”

“आणि सेक्रेटरी?”

“त्यांना नंतर सांगा.”

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी सेक्रेटरींच्या शेऱ्याशिवाय एक कागद बाहेर जाऊ दिला नव्हता. मग म्हणाले, “आयतु. पाठवतो. धर्मस्थळचा मंजुनाथ बघून घेईल.”

नवव्या दिवशी पत्ते मंजूर झाल्याचं मेल आलं. मी गेलो तेव्हा ते छापील कागद सेक्रेटरींपुढे धरून उभे होते. सेक्रेटरींनी वाचलं आणि विचारलं, “वस्तू कुठाय?” मी म्हटलं, वस्तू नसते, नोंद असते. सेक्रेटरींना ते पटल्यासारखं दिसलं नाही. सिद्धोजीरावांना मात्र एकदम पटलं. नोंद म्हटल्यावर ती कुठं करायची हे त्यांना माहीत होतं. डेड स्टॉक रजिस्टरात एक नवं पान सुरू झालं: इंटरनेट पत्ते, नग २५६, ताब्यात: कार्यालय अधीक्षक. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दरवर्षी तपासणीच्या दिवशी त्यांचा मला फोन यायचा. “मरी, दोनशे छप्पन्न जागेवर आहेत ना? सही करायला ये.” मी जायचो आणि मोजून सही करायचो. थट्टा नाही, खरोखर मोजून. त्यामुळे एकदा दोन पत्ते कुणीतरी न विचारता वापरत असल्याचं सापडलंसुद्धा.

नवी केबल वेळेत आली. हे पत्ते आता इथं राहतात, असं त्या कंपनीच्या यंत्रांतून जगाला कळवावं लागतं. ते झालं. बाहेरून हाक मारून बघितली, आमच्या यंत्रानं ओ दिली. मग रुग्णालयाची जीप घेऊन केंद्रं फिरलो. सिद्धोजीराव म्हणाले, मीपण येणार. मांडीवर रजिस्टर घेऊन पुढे बसले. प्रत्येक केंद्रावर मी आकडे भरायचो, ते पानावर बरोबरची खूण करायचे. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं, पिरियापट्टण. जुने पत्ते जायला पाच दिवस होते.

जयम्मांनी आम्हाला बघितलं आणि उठून भिंतीजवळ गेल्या. पेन हातात घेऊन म्हणाल्या, “परत बदलला?”

“शेवटचा,” मी म्हटलं.

“मागच्या वेळीही कुणी सांगितलं नव्हतं की हा शेवटचा नाही.”

सिद्धोजीराव कन्नडमध्ये मध्येच बोलले, “अम्मा, मागचा दुसऱ्याचा होता. हा आपला आहे. रजिस्टरात चढवलाय मी.”

“रजिस्टरात चढवून आलेख जातो काय, सर?”

“मग बघूच जातो का.” त्यांनी चपला काढल्या, शर्टाची बटणं सोडली आणि खाटेवर आडवे झाले. जयम्मांना हसू आवरेना. पण त्यांनी नीट वायरी लावल्या, आलेख काढला, बटण दाबलं. मशीननं पट्टी बाहेर टाकली. ते तर ते नेहमीच टाकायचं. मी आणि जयम्मा फोनकडे बघत होतो. सिद्धोजीराव पडल्या पडल्या छताकडे.

चार मिनिटांत फोन वाजला. जयम्मांनी उचलला, ऐकलं आणि खाटेकडे बघत मोठ्यानं सांगितलं, “डॉक्टर विचारतात, हा पेशंट कोण? हृदय छान आहे म्हणतात, पण ठोके फार पडतायत. घाबरलाय का?”

“सांगा त्यांना,” सिद्धोजीराव वायरींसकट उठून बसत म्हणाले, “सव्वीस दिवसांपासून घाबरलाय.”

जयम्मांनी दुसरी ओळ खोडली आणि खाली तिसरी लिहिली. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या. “बघू,” एवढंच म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रुग्णालयानं मध्ये दोनदा केबलवाले बदलले. अकरा केंद्रांपैकी कुणालाही ते कळलं नाही. माझं काम चांगलं झालं की ते असं दिसतं, म्हणजे दिसतच नाही. सिद्धोजीराव निवृत्त झाले. त्यांच्या जुन्या टेबलावरच्या संगणकाला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी अजून आहे, ‘आधी उत्तर, मग आवक नंबर.’ संपर्काच्या जागी आता नव्या अधीक्षकांचं नाव आहे. ते बदलायचं अर्जपत्रही सिद्धोजीरावांनी जायच्या आदल्या आठवड्यात स्वतः भरलं. माझ्याकडून फक्त तपासून घेतलं.

मागच्या वर्षी पिरियापट्टणला नवं ईसीजी मशीन आलं, म्हणून गेलो होतो. जयम्मा निवृत्त होऊन गावी गेल्यात. त्यांच्या जागी एक तरुण नर्स आहे, मला ओळखत नव्हती. केंद्राला नुकताच रंग दिलेला, फिकट हिरवा, वास अजून जायचा होता. मशीन बसवणारा माणूस बेंगळुरूहून आला होता. त्यानं जोडणी केली आणि विचारलं, “आलेख कुठल्या नंबरला पाठवायचा?”

मी खिशातून डायरी काढत होतो. तेवढ्यात त्या मुलीनं माझ्याकडे न बघताच हात वर केला. “अदे, गोडे मेले इदे.” तेच, भिंतीवर आहे.

जुना कागद तिथंच होता. पिवळा पडलेला, दोन ओळी खोडलेल्या, तिसरी तशीच. रंगाऱ्यानं तो काढला नव्हता. ब्रश त्याच्या कडेकडेनं फिरवला होता, त्यामुळे कागदाभोवती जुन्या रंगाची बोटभर चौकट राहिली होती. बेंगळुरूच्या माणसानं मान वर करून बघत एकेक आकडा भरला.

मी डायरी खिशात ठेवली.